माझ्या न केलेल्या सहीविषयी

मी, त्र्यंबक गोविंद साठ्ये, वय ७६, पूर्वी नोकरी, आता निवृत्त, राहणार डोंबिवली (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉ. धम्मपाल गायकवाड यांनी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. रक्तदाबाच्या गोळीखेरीज माझ्यावर कशाचाही अंमल नाही. हे लिहावे म्हणून कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मीच स्वतःवर सदतीस वर्षे आणला. २०११ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मालमत्ता बिनचूक लिहिली होती, बाकी काहीच लिहिले नव्हते.

१. माझी पत्नी हेमा सप्टेंबर १९८८ मध्ये वारली. ती तेहतीस वर्षांची होती. मुलगा सलिल आणि मुलगी क्षिप्रा एवढेच माझे वारस आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्षिप्राने करावी. सलिलने वाईट वाटून घेऊ नये. त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला तलाठी आणि रजिस्ट्रार कुठून सापडणार?

२. राहती सदनिका तळमजल्यावर आहे. ती दोघांना निम्मी निम्मी द्यावी. मात्र पुढची खोली, जिला रस्त्याकडून वेगळे दार आहे आणि जिथे निवृत्तीनंतर मी रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतल्या, तिची व्यवस्था कलम ६ प्रमाणे व्हावी. बँकेत जे काही असेल तेही निम्मे निम्मे.

३. माझे शाईचे पेन सलिलला द्यावे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी तेवीस वर्षे प्रयोगशाळेत होतो. माझ्या सहीशिवाय एकही पिंप दाराबाहेर जात नसे, आणि नमुना तपासल्याशिवाय मी सही करत नसे. याचा मला फार अभिमान होता. तीच शिस्त मी घरी आणली. कोणताही कागद असो, विम्याचा, शाळेचा, गॅसच्या नोंदणीचा, तो आठ दिवस माझ्या खणात राहायचा आणि मगच त्यावर सही व्हायची. सलिलच्या सहलीचा फॉर्म असाच खणात राहिला आणि त्याचा वर्ग माथेरानला त्याच्याविना गेला. हे तो दर दिवाळीत सांगतो आणि सगळे हसतात. मीही हसतो. सलिल, त्या खणात आणखी एक कागद होता.

४. हेमाचे पायाचे शिवणयंत्र श्रीमती रंगूबाई देवराम भोईर, राहणार ठाकुर्ली, यांना द्यावे. (कलम ७ वाचावे.)

५. हे कलम मालमत्तेचे नाही. वकिलांनी ते वेगळ्या कागदावर लिहा असे सुचवले होते. वेगळे कागद हरवतात, म्हणून इथेच लिहितो.

सलिल, क्षिप्रा, तुमची आई काविळीने गेली नाही.

१९८८ च्या जूनमध्ये तिला दिवस गेले. तांबी बसवलेली असूनही गेले. तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास आणि क्षिप्रा सहाची. हेमाला त्याच वर्षी बी.एड.ला प्रवेश मिळाला होता. तिने मला सरळ सांगितले की तिला तिसरे मूल नको आहे. तिला नको होते, एवढे कारण पुरेसे असते हे मला फार उशिरा कळले. प्रसूतिगृहातून तिने संमतीचा कागद आणला. खाली तिची सही होती आणि शेजारी पतीच्या सहीसाठी ओळ आखलेली होती. तिथल्या बाईंनी सांगितले होते की मिस्टरांच्या सहीशिवाय होणार नाही. मी कागद घेतला, नीट वाचला आणि खणात ठेवला.

मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणालो असतो तर ती भांडली असती, माहेरी कळवले असते, काहीतरी वाट काढली असती. मी 'बघू' म्हणालो. आठ दिवसांनी तिने विचारले, मी म्हणालो, घाई कशाला. मला वाटत होते की थोडा वेळ गेला की तिचे मन वळेल. मनातून मला आणखी एक मूल हवे होते आणि तसे तोंडाने बोलायची माझी हिंमत नव्हती. असे पाच आठवडे गेले. मग प्रसूतिगृहाने सांगितले की बारा आठवडे उलटले, आता आमच्याकडे होणार नाही, मोठ्या इस्पितळात जा. तिथेही सही मागतील म्हणून ती गेली नाही.

आमच्या चाळीत समोरच्या खोलीत रंगूबाई राहत. त्या मसाल्याच्या गिरणीत कामाला जात. हेमाने कोणालातरी सांगायचे म्हणून त्यांना सांगितले. रंगूबाई तिला म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात चला, मी येते. हेमाने ऐकले नाही. तिने कोणाकडून तरी रुळांपलीकडचा एक पत्ता आणला होता. तिथे एक माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत असे आणि सही विचारत नसे. वहिनींना एकटे कसे सोडायचे म्हणून रंगूबाई सोबत गेल्या. तिसऱ्या दिवशी हेमाला ताप चढला. मी तिला ठाण्याच्या इस्पितळात नेले तेव्हा रंगूबाईंनी दारातच मला सगळे खरे सांगितले. पाचव्या दिवशी हेमा गेली. शेवटी शुद्धीवर असताना ती मला एवढेच म्हणाली, "मुलांना यातलं काही सांगू नका, त्यांना लाज वाटेल."

मी तिचे ऐकले, आणि त्यात माझी सोय पाहिली. चाळीत सांगितले की कावीळ झाली होती. मग कोणीतरी म्हणाले की समोरच्या बाईने काढा दिला असेल, त्यानेच बिघडले असणार. मी ते खोडून काढले नाही. पुढे पुढे मीच तसे सांगू लागलो. रंगूबाईंच्या दारासमोरच्या नळावर बायका पाणी भरायच्या थांबल्या, त्यांच्या सासूने त्यांना मारले, आणि दोन महिन्यांत त्यांनी खोली सोडली. सलिल, काढ्याच्या धास्तीने तू आजही गवती चहासुद्धा पीत नाहीस. तो काढा कधी नव्हताच रे.

आता क्षिप्राविषयी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, बेचाळीसाव्या वर्षी, तिने घोडबंदर रोडच्या एका इस्पितळात गर्भपात करून घेतला. हे इथे लिहू का असे मी तिला विचारले. कशासाठी ते सांगितले नाही. ती म्हणाली, "लिहा की बाबा, त्यात लपवण्यासारखं काय आहे?" जावई आनंद त्या आठवड्यात बाहेरगावी होते, म्हणून सोबतीला मी गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "अंकल, मिस्टर नाही आलेत ना, मग तुम्ही साइन करा." मी सवयीने चष्मा लावला आणि खिशातून पेन काढले.

क्षिप्राने कागद स्वतःकडे ओढला. "सही माझी, बाबा. सज्ञान बाईला दुसऱ्या कोणाची लागत नाही. कायदा माझ्याहून जुना आहे."

ती सही करून आत गेली. संध्याकाळी मी तिला घरी आणले, तिने वरणभात खाल्ला आणि ती झोपली. सोमवारी ती कामावर गेली. आठवडाभराने मी तिला विचारले की हा कायदा नक्की कोणत्या सालचा. तिने फोनवर बघून सांगितले, एकाहत्तरचा.

हेमाचा कागद अठ्ठ्याऐंशीचा होता. माझी सही लागतच नव्हती. तिने विचारली, मी अडवली, प्रसूतिगृहाने मागितली, आणि तिघांपैकी एकालाही कायदा वाचावासा वाटला नाही. मी तर शिकलेला माणूस, पिंपावरची बारीक अक्षरेसुद्धा वाचणारा. ते साल ऐकून मी जिन्यात जाऊन बसलो. क्षिप्राला वाटले की मी तिच्या काळजीने गप्प आहे. क्षिप्रा, मी तुझ्या आईसाठी रडत होतो. तुला संध्याकाळी वरणभात खाताना पाहिले, तसे तिला पाहायला मिळाले असते.

६. पुढची खोली माझ्या मृत्यूनंतर पंधरा वर्षे विनाभाडे डॉ. सोनल म्हात्रे, स्त्रीरोगतज्ज्ञ, यांच्याकडे वापरासाठी असावी. प्रत्यक्ष गर्भपात मान्यता असलेल्या केंद्रातच होतील. या खोलीत माहिती, तपासणी, चिठ्ठी, गर्भनिरोधके आणि जिला हवी असेल तिला तिथवर सोबत मिळावी. लग्न झालेली, न झालेली, पैसे असलेली, नसलेली, सगळ्यांना आत खुर्ची द्यावी. कोणाच्याही गळ्यात काय आहे ते पाहू नये. सज्ञान बाईकडे नवऱ्याची, बापाची किंवा सासूची सही मागणाऱ्याला कामावरून त्याच दिवशी काढावे.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष गुरुदत्त नाडकर्णी यांचे म्हणणे असे की ही कुटुंबांची वस्ती आहे, पाटीवर 'महिला आरोग्य' वगैरे काहीतरी लिहा. नाडकर्णी भले गृहस्थ आहेत आणि गच्चीच्या गळतीसाठी त्यांनी बरेच केले आहे. तरी पाटीवर 'गर्भपात' हाच शब्द असावा, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात. एका शब्दाच्या जागी मी 'कावीळ' म्हणालो, त्याचे काय झाले ते वर दिले आहे. ज्या कुटुंबांची वस्ती म्हणतात, त्यातलेच एक माझे होते.

पाटीचे लोखंडी कोन आणि भिंतीला भोके पाडायचे यंत्र बाल्कनीतल्या पेटीत आहे. नंतर ती पेटी सलिलने न्यावी.

७. कलम ४ रद्द. गेल्या महिन्यात मी ठाकुर्लीला रंगूबाईंना शोधून काढले. त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि नात सान्वीकडे राहतात. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली असे मी लिहिणार नाही, कारण त्यांनी फक्त चहा ठेवला. तेव्हाच चाळीत सगळ्यांना खरे का सांगितले नाही असे विचारल्यावर म्हणाल्या, "सांगितला असता त लोकांनी वयनींना नावा ठेवली असती. मना ठेवली, चालला."

मी शिवणयंत्राचे बोललो आणि हा मसुदा त्यांना वाचून दाखवला. साक्षीदार कोण, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, तुम्ही होऊ शकता, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत असेल तर त्याच्या साक्षीवर कोर्टात शंका घेतली जाते. या वेळी मी कायदा वाचून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मशीन राहू द्या. तवा माजी साक्ष कुनी घेतली नाय. आता घ्या."

तेव्हा शिवणयंत्र क्षिप्राने ठेवावे. आणि रंगूबाईंनी हेमाला कधीही, कसलाही काढा दिला नव्हता, हे या मृत्युपत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजावे. त्या चाळीतली जी माणसे अजून हयात असतील त्यांना क्षिप्रा व सलिल यांनी ते जाऊन सांगावे.

रजिस्ट्रारच्या कार्यालयात रंगूबाईंचा अंगठा घेऊ का, असे विचारतील. घेऊ नये. त्यांना सही येते. हेमाचे शिक्षिका होणे राहिले, पण तिला एक विद्यार्थिनी मिळाली. चाळीच्या पायरीवर बसून तिने तीन महिने रंगूबाईंकडून त्यांचे नाव गिरवून घेतले होते. त्यांचा 'भ' अजूनही हेमाच्या 'भ'सारखा आहे. त्यांना वेळ लागेल, कोणी घाई करू नये.

हा कागद मी खणात ठेवलेला नाही. आज लिहून पुरा केला आणि आजच, दोन्ही साक्षीदारांसमोर, सही करत आहे.

ठिकाण : डोंबिवली (पूर्व)
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

(सही) त्र्यंबक गोविंद साठ्ये

मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली :

साक्षीदार १ : (सही) डॉ. धम्मपाल गायकवाड, डोंबिवली

साक्षीदार २ : (सही) रंगूबाई देवराम भोईर, ठाकुर्ली