टिपाडाला दार

६ मार्च २०१६, रविवार
आज जिंदगीचं ठरलं. फाट्यावरच्या संगप्पा वेल्डरच्या मोबाईलवर व्हिडिओ बघितला. एक जाडा गोरा माणूस लोखंडी टिपाड, म्हणजे मोठा ड्रम, घेतो, त्याला दार पाडतो, खाली लाकडाचा धूर करतो अन् वर कोंबडी टांगतो. चार तासानं कोंबडी गुळावानी लाल. त्याला स्मोकर म्हणतेत. जळकोटात एकाकडं बी न्हाई.

उदगीर जिल्हा होणार म्हणून लोक बोलून राहिलेत. झाला की कलेक्टर येणार, साहेब लोक येणार. साहेब लोक साधं शिजवलेलं खात नसतेत. उदगीर रोडला आपला गाडा.

सगळ्यात भारी म्हणजे या धंद्यात बोलावं लागत न्हाई. वास जातो, गिऱ्हाईक येतं. पाटीवर रेट लिहायचा. खाली लिहायचं, काही विचारू नये.

८ मार्च
माय म्हणली, नववीत शाळा सोडलीस, आता काय घरात अंडी घालतूस का? मी शाळा सोडली न्हाई. मास्तर उभं करून धडा वाचायला लावायचे, म्हणून मी बसलो. घरी. लोक म्हणतेत पोरगं लाजतं. मी लाजत न्हाई. शब्द वाचवतो. दुष्काळ हाय.

टिपाडाचं बघितलं. उदगीरच्या भंगारात मिळतं, पण विचारावं लागंल. विचारणं कॅन्सल. आमचं टिपाड वडाखाली हायच. टँकर आठ दिवसाला येतो. रांगेत माणसं न्हाई, टिपाडं उभी असतेत, ऑइल पेंटनं नाव अन् नंबर लिहून. आमच्यावर 'केरबा, ९'. केरबा म्हणजे दादा, माझे वडील. ते लातूरला वॉचमन हायेत. आज टँकर येऊन गेला. दोन दिवसात पाणी घरी नेलं की पुढं टिपाड नुसतं रिकामं उभं. बेकार.

१० तारखेला उचलायचं, १५ ला परत ठेवायचं, टँकर १६ ला. कुणाला कळणार बी न्हाई. दारानं टिपाड खराब होतं असं कुठं लिहिलंय? घराला बी दार असतंच की.

१० मार्च, दुपारी
उचललं. जागेवर दगड ठेवला. नागुमावशीनं बघितलंच. ती म्हणजे रांगेची कलेक्टर, तिच्या शब्दाबिगर टँकरचा पाईप हलत न्हाई. म्हणली, कुटं चाललं रं टिपाड? मी मान हलवली. म्हणली, घासायला व्हय? मान हलवली. म्हणली, पंचशीलाचं लेकरू गुणाचं हाय. पंचशीला म्हणजे माय.
खोटं बोललो न्हाई. बोललोच न्हाई.

११ मार्च
संगप्पानं कटर लावला. मजुरी म्हणून आठ दिवस त्याचं दुकान झाडायचं. मला दार वीतभरच पाहिजे व्हतं. तो सारखा विचारायचा, बास का? माझा आवाज निघायच्या आत तो पुढं कापायचा. दार हातभर झालं, खालपर्यंत. मग भोकं. हवेला पाच लागतेत. एकविसाव्याला ड्रिल गरम झालं म्हणून थांबला. म्हणला, नरसिंग, तू लई हावरा हायस.
ठीक हाय. जास्त हवा, जास्त धूर.

१४ मार्च, सकाळी
आज टेस्टिंग, संगप्पाच्या दुकानामागं. कोंबडी मायची, ती खुडूक. अंडी देत न्हाई, म्हणजे तशी रिकामीच. मायला विचारणं कॅन्सल. व्हिडिओत सफरचंदाचं लाकूड हाय. आपल्याकडं कडुलिंब. औषधी बी हाय.

१४ मार्च, दुपारी
धूर निघाला. आतून कमी, बाहेरून जास्त. टिपाडाचा पेंट पेटला. वस्ती पळत आली, आग आग करत. पाण्याची घागर एकानं बी आणली न्हाई. सगळे माती घेऊन आले. नागुमावशीनं पहिलं घमेलं दारातून थेट कोंबडीवर टाकलं. दार मोठं, त्यामुळं नेम चुकला न्हाई.

झटकून खाल्ली. कडू. संगप्पानं एक घास घेतला अन् विचारलं, ही कशानं मेली व्हती? कुत्र्यानं हुंगलं अन् माझ्याकडं बघितलं.
तंत्र जमलं. चवीचं पुढच्या टायमाला बघू.
मायनं उरलेल्या तीन कोंबड्या मोजून घरात घेतल्या. आता ती बी शब्द वाचवायला लागली.
भोकं चिखलानं लिंपली. दार तारेनं बांधलं. उद्या डांबर लावतो.

१५ मार्च
टँकर एक दिवस आधी आला. ही चूक टँकरची. टिपाड पळवत नेऊन जागेवर ठेवलं. दहा नंबरचा रेवणसिद्ध म्हणला, याच्यावर नाव कुटंय? नाव पेंटासंगं जळालेलं. तो म्हणला, नाव न्हाई त नंबर न्हाई, पाईप माझ्यात टाका. नागुमावशी म्हणली, नियम त हाय. पण पोराला बोलू द्या. बोल रं, कुणाचं टिपाड हाय?

सगळी वस्ती बघून राहिली. माय रिकामी घागर घेऊन उभी. आठ दिवसाचं पाणी.

मी बोललो. लई मोठ्यानं. आमचं हाय! केरबाचं! नऊ नंबर! वडावरचे कावळे उडाले. कुणीतरी टाळी वाजवली. पाईप आत पडला.

चिखल लगेच विरघळला. एकवीस धारा, अन् दाराची बाविसावी. बायका पळत आल्या, धारेला धारेला घागर लागली. रेवणसिद्ध दोन घेऊन बसला. म्हणला, नरसिंग, हे टिपाड न्हाई रं, नळयोजना हाय.
मायला एक घागर मिळाली.

१६ मार्च
नागुमावशीचा निकाल लागला. ज्यांनी भरलं त्यांनी निम्मं परत द्यायचं, पण मागायला मीच जायचं. माय म्हणली, जा की, आवाज हाय तुला, काल उदगीरपर्यंत गेला.
एकोणीस घरं. पहिल्या दारात एवढा येळ उभा राहिलो की त्यांच्या म्हातारीनं भाकर आणून दिली.

२३ मार्च
टँकर अजून न्हाई. टिपाडात मायनं उरलेल्या तीन कोंबड्या ठेवल्यात. दार बरोबर बसतं, हवा भरपूर. एकीनं आत अंडं दिलं.

नवं टिपाड दादा पगारावर आणणार. तवर नऊ नंबरची जागा रिकामी सोडता येत न्हाई. दगड आता नागुमावशीला चालत न्हाई, नाव पाहिजे. म्हणून सकाळपासून रांगेत मीच उभा हाय, आठ अन् दहाच्या टिपाडांमधी. पायाशी मागून आणलेल्या घागरी. मायनं माझ्या शर्टावर ऑइल पेंटनं लिहिलंय, 'केरबा, ९'. अजून वाळलं न्हाई.

येणारा जाणारा विचारतो, काय नऊ नंबर, कोंबडी कधी?
सगळ्यांना तोंडानं सांगावं लागून राहिलंय. उदगीर जिल्हा झाल्यावर.