तीस सह्या

१ जून
मिळाली एकदाची इंटर्नशिप! शंभर ठिकाणी अर्ज केले, सगळीकडे एकच पालुपद: दोन वर्षांचा अनुभव आणा. अरे, कामच कोणी देणार नाही तर अनुभव काय वाण्याकडे मिळतो? ही पंपांची कंपनी मात्र अनुभवच देते. महिनाभर रोज मस्टरवर सही करायची. बसायला ऐसपैस खोली, खिडकीशी टेबल. कॉलेजात चार वर्षं हजेरी भरली तशीच इथेही भरली, तीसच्या तीस सह्या एका दमात ठोकल्या. मस्टरवाल्या बाई काहीतरी म्हणत होत्या, मी लक्ष दिलं नाही. आईला फोनवर सांगितलं, नोकरी लागली की तुझं लोकांचे कपडे शिवणं पहिलं बंद. ती हसली.

५ जून
कमाल आहे. बिघडलेल्या पंपाला नुसता कान लावला की दोष कळतो. कॉलेजात तर पंप फक्त चित्रात पाहिलेला. पाठ मात्र भरून येते.

९ जून
कानाशी पांढरे केस. पँटचं बटण लागेना. बाईंना गमतीने सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, इथे एका सहीला एक वर्ष. शहाणी मुलं दोन सह्या करतात, दोन वर्षांचा अनुभव घेतात आणि पळतात. मी नको नको म्हणत होते, तू तीस केल्यास. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१२ जून
सह्यांवर व्हाइटनर लावला. वाळल्यावर सह्या वर आल्या. पान फाडलं, सकाळी जागच्या जागी. काल कामावर गेलोच नाही, तरी वर्ष गेलंच.

२० जून
दुसरीकडे मुलाखत होती. रखवालदाराने अडवलं. म्हणाला, पालकांनी बाहेर थांबायचं, मुलाला आत पाठवा. अर्ज पुढे केला, अनुभव वीस वर्षं. आतून निरोप आला की जागा नवशिक्यांसाठी आहे, वय अठ्ठावीसच्या आत हवं. मेल्यांनो, अनुभव तुम्हीच मागितला होता ना? ओरडायला गेलो तर धाप लागली. बाई मला आता अहो-जाहो करतात.

२६ जून
बाविसाव्या वर्षी आलो, आज अठ्ठेचाळीस. आईएवढा झालो. तिचा फोन आला, मी हॅलो म्हटलं. तिने विचारलं, आपण कोण, माझ्या मुलाला फोन देता का. मी कट केला. अजून चार सह्या—

३० जून
आई आली आहे. फोन उचलत नाही म्हणून, सकाळच्या गाडीने. मलाच विचारलं— अहो साहेब, माझा मुलगा कुठे बसतो. मी म्हटलं, कामात आहे. म्हणाली, बसते, सुटला की भेटते. तिने शिवलेला शर्ट माझ्याकडे दिला. त्याला द्या, नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी. घालून बघितला— खांद्यात अडकला— निघत नाही. ती दारातून बघते आहे. शर्टाकडे. आता माझ्या तोंडाकडे. उठली. तिला काय सांगू, मीच तुझा—