गळकी नाव

६ नोव्हें.
भंगारवाल्याला मीच बोलावलं होतं. घरामागच्या पुकुराकाठी (तळ्याला इथे बंगालात पुकुरच म्हणतात) उलटी पडलेली अ‍ॅल्युमिनियमची नाव न्यायला. निवृत्तीनंतर ह्यांनी हौसेने घेतलेली, गळ टाकायला. फेब्रुवारीत ह्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं; तेव्हापासून नाव तशीच. मुलगी मृण्मयी पुण्याहून रोज सांगते, सामान कमी करा आणि इकडे या.
ह्यांनी खिडकीतून पाहिलं. दुपारी जेवले नाहीत. भंगारवाल्याला फोन करून नको म्हटलं.

९ नोव्हें.
शेजारचे तापसदा आले. हावड्याच्या कारखान्यात पत्रे जोडण्यात जन्म गेलाय त्यांचा. नाव विटांवर सुलटी ठेवून आत पाणी भरलं. बाहेरून जिथे थेंब दिसला तिथे मी खडूने खूण केली. एकवीस खुणा!
ते मला बउदी म्हणतात, म्हणजे वहिनी. "बउदी, पत्रा छान आहे. पत्रे जोडणारे रिव्हेट सैल झालेत, बस."
म्हणजे नवा पत्रा नको. हुश्श.

१४ नोव्हें.
जुना रंग खरवडतेय. लोखंडी ब्रश घेतला तर तापसदा ओरडले, ह्या धातूला तो चालत नाही. मग भांड्यांची हिरवी घासणी नि पॉलिश पेपर. खांदे गेले.
हे खुर्चीत बसून बघतात. एक कोपरा राहिला होता, डाव्या हाताने दाखवला.

१९ नोव्हें.
रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. आतून एकाने हातोडी मारायची, बाहेरून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. तापसदांना ताप. म्हटलं राहू दे. तर ह्यांनी हात पुढे केला.
"जमेल तुम्हाला?"
"दे." स्पष्ट. चिडून.
खुर्ची नावेला लावली. चार रिव्हेट बसले. पाचव्याला माझी हातोडी चुकली, ठोकळा त्यांच्या पायावर. मला रडूच आलं.
हे म्हणाले, "अजून."

२० नोव्हें.
पाय सुजलाय. मोडलं नाही काही, डॉक्टर म्हणाले. मृण्मयी फोनवर: "आई, तुम्ही दोघं करताय काय? बाबांना काही झालं असतं तर?"
बरोबर आहे तिचं.

२९ नोव्हें.
एकवीस झाले. पाणी भरून पाहिलं. गळत नाही. कुठेच नाही.

४ डिसें.
प्रायमर परवा दिला, त्याशिवाय रंग धरत नाही म्हणे. आज रंग. दुकानात एका गिऱ्हाइकाने परत केलेला डबा अर्ध्या किमतीत मिळाला. भडक पिवळा. ह्यांना निळा हवा होता. तोंड वाकडं केलं, मग हसले. किती दिवसांनी.
मृण्मयी पुढच्या शनिवारी येतेय. आमची पुण्याची तिकिटं काढूनच.

१० डिसें.
नाव पाण्यात. तापसदा वल्ह्यांवर, आम्ही दोघं मागे. ह्यांना चढवताना चौघे लागले. मी सारखी तळाशी हात लावून बघत होते. कोरडं.
मधोमध गेल्यावर म्हटलं, "पुण्याला जायचं का आपण? तुम्ही सांगा." मृण्मयीने त्यांना कधी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.
ह्यांनी हात खाली सोडला. बोटं पाण्यात.
"आज... नको विचारू," म्हणाले. तापसदांना खूण केली, अजून एक फेरी.
पोरगी परवा येईल. तिला काय सांगायचं ते हेच ठरवतील; मी म्हणेन, बाबांना विचार.