बांधावर जाळलेला पाला

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तुमच्या मुलाला जाऊन सात. एव्हाना सासऱ्यावरचा राग निवायला हवा होता. पण मी त्याची पुस्तकं वाचत गेले आणि तुमची कीव करणंही सोडून दिलं.

तुमची द्राक्षबाग म्हणजे सारवलेलं अंगण. छाटणी झाली की काड्या, पाला सगळा बांधावर नेऊन पेटवायचा. आबांच्या बागेत पान सापडत नाही, असं लोक म्हणायचे. तेवढ्या कौतुकावर तुम्ही जगलात. एका वर्षी तुमच्या मुलानं दोन ओळींतला पाला वेलींखाली तसाच ठेवला. रोगट पानं त्यानं आधीच वेचून काढली होती. तो एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातली पहिली पाळी करून आला आणि तुम्ही मजुरांसमोर म्हणालात, "साहेबांना वाकायला जड जातंय. तिकडं राख उडवायची अन् इथं आम्हाला माती शिकवायची."

"आबा, खाली गांडुळं आलीत. बघा तरी."

"गांडुळं मासे धरायला. उचल तो पाला."

बायका पदराआड हसल्या. त्यानं पाला उचलला. सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे किडे, मारायचे म्हणून तुम्ही त्या ओळींत औषधही ओतलंत.

मी सातवी शिकलेली. तो गेल्यावर त्याची पुस्तकं उघडली. पाल्यातलं नत्र मुळांना तसंच घेता येत नाही, आबा. गांडुळं पाल्याचा चुरा करतात, बुरशी आणि जिवाणू तो कुजवतात, आणि बरंचसं नत्र त्यांच्याच अंगात अडकून राहतं. मग सूत्रकृमी जिवाणूंना खातात आणि जास्तीचं नत्र मातीत टाकतात. ते मुळं घेतात. मुळं पोखरणारे सूत्रकृमी थोडेच, बाकीचे कामाचे. तुम्ही सरसकट मारलेत, आणि वर पोत्यांनी खत टाकून जमीन खत घेत नाही म्हणून जमिनीलाच शिव्या दिल्यात. पन्नास वर्षं बाग केलीत आणि एकदाही खाली वाकून बघितलं नाहीत.

आता बाग मी बघते. पाला वेलींखाली कुजतो आहे, हात घातला की माती भुसभुशीत लागते. लोक मला हुशार म्हणतात. हे त्याचं आहे, असं मी दरवेळी सांगते.

हे पत्र तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. त्यानं पाला उचलला त्या दिवशी जेवताना त्यानं मला विचारलं होतं, "तुला काय वाटतं?" मी भाकरी वाढत म्हणाले, "आबांना जास्त कळत असेल." पाल्याबद्दल तो माझ्याशी परत कधी बोलला नाही.