दोन्ही टोकं एकाच पेटीत

अल्वेबी, ४ मे, सोमवार

प्रिय टीराताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कागदावरच वाकतो आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्ष वाकलो तर उठवायला माणूस लागतो, आणि आज घरात मी एकटाच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? माल्मोला सुखरूप पोचलीस ना? गाडीला किती उशीर झाला ते तू कळवलं नाहीस, म्हणजे एकतर ती वेळेवर गेली असेल किंवा तू माझ्यावर रागावली असशील. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचीच शक्यता जास्त, कारण आपल्या गाड्या मला ठाऊक आहेत आणि तूही. तुझा वाचायचा चष्मा इथे पावाच्या डब्यात सापडला. तो तिथे कसा गेला हे मी विचारत नाही, तूही सांगू नकोस. बर्फ सगळं गेलं, तळ्यावर बगळे आले, माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त झोप लागत नाही आणि जेवण जात नाही.

तू म्हणशील, याने ईमेल सोडून एवढा लांबलचक कागद का खरडला, आणि तोही पोस्टमन एक दिवसाआड येऊ लागल्यावर? त्याचं कारण असं की ईमेल फोल्केच्या केबलवरून जातो. मजकूर वाटेत कुणालाही वाचता येत नाही, असं फोल्केनेच मला शपथेवर सांगितलंय, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण या पत्रात जे लिहायचंय ते त्याच्या हाताने पुरलेल्या केबलवरून पाठवायला मला लाज वाटते. तेवढी लाज अजून शिल्लक आहे, हे वाचून तुला बरं वाटेल.

तर त्या शनिवारी, गावाच्या साफसफाईच्या दिवशी, तू समाजगृहाच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचे बन भाजून एकच्या गाडीने गेलीस. त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक नाही. तीन वाजेपर्यंत कुणालाच काही कळलं नाही, कारण सगळं गाव पानं गोळा करत होतं आणि मग गोळा केलेली पानं किती छान गोळा झाली ते बघत होतं. तीन वाजता आपल्या अध्यक्षबाई, एब्बा, लांब पावलं टाकत आल्या. त्यांचा टीव्ही बंद. मग एकेका घरातून एकेक माणूस बाहेर आला आणि हातातला फोन आभाळाकडे धरून उभा राहिला. चौऱ्याऐंशी घरं, आणि एकाचंही इंटरनेट चालेना. हे आपलं स्वतःचं जाळं आहे ताई, गावाने स्वतः खड्डे खणून घातलेलं. त्यामुळे दूर कुठल्या कंपनीला फोन करून तासभर संगीत ऐकायची सोय नाही. फोन करायचा तो जाळ्याच्या रखवालदाराला, फोल्केला, आणि तो हातात दाताळं घेऊन समोरच उभा होता.

मी जाळ्याच्या मंडळाचा चिटणीस, त्यामुळे लगेच सूत्रं हाती घेतली. म्हणजे वही काढली आणि प्रत्येकाचं मत लिहून घेतलं. एब्बाचं मत होतं की जंगलातल्या थोराड एल्कने खुरांखाली केबल तुडवली. (एल्क केबल तुडवत नाही, ती अडीच हात खोल आहे. पण गेल्या शरदात त्याने एब्बाच्या बागेतली सफरचंदं खाल्ली, तेव्हापासून गावात जे काही बिघडतं ते तोच बिघडवतो.) दुसरं मत होतं की कुणीतरी बटाट्याचे वाफे करताना फावडं मारलं. या मतावरून दोन शेजारी अजून बोलत नाहीत. फोल्के बिचारा दाताळं ठेवून निघाला आणि रविवार, सोमवार, मंगळवार केबलच्या अकरा किलोमीटरच्या वाटेवरचं एकेक झाकण उघडून बघत राहिला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पावसात गुडघ्यांवर बसून. मी त्याच्या मागे छत्री घेऊन फिरलो, आणि सारखं विचारत राहिलो की अजून किती वेळ. त्याने एकदाच वर बघून म्हटलं, “आल्गोत, तू विचारलंस की मला पहिल्यापासून मोजावं लागतं.”

मंगळवारी संध्याकाळी तो शेवटी समाजगृहाच्या मागच्या खोलीतलं कपाट बघायला गेला. तिथे त्याला दोन मिनिटांत सापडलं.

काय सापडलं ते समजायला थोडं शिक्षण लागेल. फोल्केने ते मला कितीतरी वर्षं दिलं, आता मी तुला देतो. बन समोर घेऊन बस. हे बघ, तू पाठवलेला फोटो माझ्याकडे अख्खा येत नाही. त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कुणाकडून, कुणाकडे आणि कितवा, एवढं लिहिलेलं असतं. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी निघाले, मागेपुढे पोचले तरी चालतं, इकडचं यंत्र ते नीट क्रमाने लावतं आणि पोच देतं. पोच आली नाही की तिकडचं यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवतं, न कुरकुरता. (तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस तेव्हा मीही तेच करतो, फक्त कुरकुरतो.) शिवाय प्रत्येक तुकड्यावर त्याच्या आयुष्याचा एक आकडा असतो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्यातून एक वजा होतो, आणि शून्य झालं की तो तुकडा टाकून देतात. नाहीतर वाट चुकलेले तुकडे जन्मभर जगात हिंडत राहिले असते, आपल्या एरिककाकांसारखे.

पण ही शिस्त लांबच्या प्रवासाची. गावातल्या गावात कारभार घरगुती आहे. आपल्या कपाटात एक पेटी आहे, तिला स्विच म्हणतात, आणि दिव्याच्या बटणाशी तिचा काही संबंध नाही. तिला खूप भोकं आहेत आणि सगळ्या घरांच्या वाटा तिथे येऊन मिळतात. एखाद्या यंत्राला कुणाशी बोलायचं असेल आणि ठिकाण माहीत नसेल, तर ते हाक मारतं, अमुक पत्ता कुणाचा? पेटी ती हाक आली त्या भोकाखेरीज बाकी सगळ्या भोकांतून बाहेर सोडते. ज्याचा पत्ता असेल तो उत्तर देतो, बाकीचे गप्प राहतात. या हाकेवर मात्र आयुष्याचा आकडा नसतो. गावातल्या गावात कोण वाट चुकणार, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असावं. ते अल्वेबीला कधी आले नव्हते. आता एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच पेटीच्या दोन भोकांत घातली तर काय होईल? हाक एका भोकातून बाहेर जाते आणि दुसऱ्यातून परत आत येते. पेटीला वाटतं, ही नवी हाक. ती पुन्हा सगळ्यांना सांगते. ती पुन्हा आत येते. ही हाक दमत नाही आणि मरतही नाही, आणि काही क्षणांत पेटीत एवढा गलका होतो की गावात कुणाचंच कुणाला ऐकू जात नाही. अशी गाठ पडली तर आपणहून एक भोक बंद करायची अक्कल त्या पेटीला आहे, पण त्यामुळे काही नवं जोडलं की अर्धं मिनिट थांबावं लागतं, आणि एब्बाला अर्धं मिनिट थांबवत नाही. म्हणून गेल्या वर्षी मंडळाने ठराव करून पेटीची ती अक्कल बंद करवली. फोल्के नको नको म्हणत होता. ठराव मी लिहिला, सुंदर अक्षरात.

बुधवारी मंडळाची सभा झाली. फोल्केने सांगितलं की तपासणीसाठी तो कपाटात एक निळी केबल ठेवतो, एक टोक पेटीत आणि दुसरं मोकळं लोंबतं, लागेल तेव्हा त्याला आपला संगणक जोडायला. ते मोकळं टोक कुणीतरी रिकाम्या भोकात घातलं होतं. एब्बा म्हणाल्या, “कुणीतरी म्हणजे कोण? कपाटाची किल्ली तर तुझ्याकडेच असते ना?” फोल्के म्हणाला, “कपाट माझं आहे, जबाबदारी माझी.” बस्स.

ताई, माझं पेन तिथे थांबलं. कारण निळी केबल म्हटल्याबरोबर मला ती दिसली. मी शनिवारी मागची खोली झाडत होतो. कपाटाच्या काचेतून आत धूळ दिसत होती, आणि दिसणारी धूळ मी सोडू शकत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. मंडळाच्या फाइलमध्ये एका लखोट्यात दुसरी किल्ली असते. ती काढली, आत फडकं फिरवलं, आणि बघतो तर एक केबल गबाळ्यासारखी लोंबतेय. शेजारी भोक रिकामं. मी ती व्यवस्थित भोकात बसवली, टक्‌ असा आवाज आला, मनाला फार बरं वाटलं. मग किल्ली लखोट्यात, लखोटा फाइलमध्ये, आणि मी तुझा बन खायला आलो. म्हणजे तीन दिवस ज्या माणसामागे मी छत्री घेऊन फिरत होतो, तो माझंच करणं शोधत होता.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण एब्बा शिस्तीबद्दल बोलत होत्या, आणि त्याच्या पाचच मिनिटं आधी शिस्तीबद्दल सगळ्यात जास्त मी बोललो होतो. सगळे माझ्या पेनाकडे बघत होते. मी लिहिलं, “रखवालदाराच्या हलगर्जीपणामुळे जाळे चार दिवस बंद राहिले. त्यांच्याकडून काम काढून घ्यावे, अशी शिफारस.” इतिवृत्त दुसऱ्या कुणीतरी वाचून, तपासून सही केल्याशिवाय खरं धरत नाहीत, आणि त्या दिवशी तपासनीस म्हणून निवडला गेला होता फोल्केच. त्याने चष्मा लावला, सगळं सावकाश वाचलं, एका ठिकाणी माझा राहिलेला स्वल्पविराम घातला, आणि सही केली. मग किल्ली टेबलावर ठेवून टोपी घातली. पंचवीस वर्षं तो टेलिफोनच्या खांबांवर चढला, नऊ वर्षं हे जाळं त्याने पोटच्या पोरासारखं सांभाळलं, आणि जाताना त्याने दार सुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

येत्या रविवारी, दहा तारखेला, सगळ्या गावाची सभा आहे. तिथे हात वर झाले की फोल्केचं काम कायमचं गेलं. रोज दहाची कॉफी मी त्याच्याकडे घ्यायचो, पण बुधवारपासून त्याच्या घरावरूनही जात नाही, दुकानात जायला तळ्याला वळसा घालतो. खुब्याला चालणं चांगलं असं डॉक्टर म्हणतात, त्यामुळे त्या बाजूने तरी फायदाच आहे.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला ऊब दे. नातवाला माझा आशीर्वाद, आणि त्याला म्हणावं, लोंबणाऱ्या कशालाही हात लावू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
आल्गोत

ता. क. एक लहानशी विनंती राहिलीच. त्या दिवशी तूही समाजगृहात होतीस. तू एब्बाला दोन ओळी लिहून कळवलंस, की ती केबल गैरसमजाने तूच बसवलीस, तर सगळ्यांचंच भलं होईल. पाहुणीला कुणी बोलत नाही, त्यात तू शहात्तर वर्षांची, माल्मोची, आणि तुझे बन सगळ्यांना आवडले होते. फोल्केला किल्ली परत मिळेल. मला काही नको. फक्त किल्ली तुला कुठून मिळाली हे कुणी विचारलं तर कपाट उघडंच होतं म्हण. पत्र रविवारच्या आत पोचायला हवं, म्हणजे बुधवारी तरी टाक.

ता. क. २. लखोटा पुन्हा फोडून लिहितो आहे. मघाशी हे टाकायला रस्त्याच्या टोकाशी, पत्रपेट्यांच्या रांगेपाशी गेलो, तर तिथे फोल्के आपली पत्रपेटी रंगवत उभा. लखोट्याची जाडी बघून म्हणाला, “टीराताईला का? दोष तिच्या गळ्यात घालतोयस होय?” मी म्हटलं, काय? तो म्हणाला, “अरे, कपाटातली ती पेटी रोजनिशी ठेवते. शनिवारी दहा वाजून बावन्न मिनिटांनी ते भोक जागं झालं. साडेदहा ते अकरा मागची खोली झाडायचं काम कोणाकडे, ते तुझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेलं आहे. आणि लखोट्यातली किल्ली तुला मीच दिली होती. मंगळवारीच कळलं मला.”

म्हणजे बुधवारी माझ्यासमोर बसून त्याने सही केली तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. मी विचारलं, मग सही का केलीस रे गाढवा? तो ब्रश डब्यात बुडवत म्हणाला, “केबलकडे बघायला गावाला दुसरा माणूस मिळेल. मी त्या सभेत बोललो असतो तर तुझ्या वहीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता. म्हटलं, तूच येशील आणि सांगशील.” मी तिथे रस्त्यावर उभा राहून रडलो, आणि तो दुसरीकडे बघून रंग देत राहिला.

तेव्हा वरची विनंती रद्द. एब्बाला काहीही लिहू नकोस. रविवारी मी उभा राहणार आणि इतिवृत्तात माझ्याच हाताने माझं नाव लिहिणार. हे पत्र तरीही पाठवतो आहे, कारण एकदा तुला कळलं की मला माघार घेता येणार नाही. आता थांबतो, त्याच्याकडे जायचंय. बुधवारपासून तो रोज दहा वाजता दोन कप मांडतो आणि अकरा वाजता माझा उचलून ठेवतो, असं शेजारीण सांगत होती.