तू काढून टाकलेला शिकारी

प्रिय आई,

तू गेल्यानंतरचा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी झाला, पण पत्र त्यासाठी नाही. प्राजूला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय. होस्टेलवर राहावं लागेल, आणि मी आठ दिवस लेकीला नुसतं "बघू" म्हणतेय. त्यात रविवारी तुझी लबाडी उघडी पडली!

जेवणं आटोपल्यावर दादा तुझ्या नातवंडांना तुझीच गोष्ट सांगत होता. आजीसाठी खाऊ घेऊन रानातून निघालेली मुलगी फुलं तोडत रेंगाळते, लांडगा दोघींना गिळतो. मग म्हणे शिकारी येतो, पोट फाडतो आणि दोघी बाहेर!

"कुठला शिकारी?" मी विचारलं.

माझ्या गोष्टीत शिकारी नव्हताच. लांडगा मुलीला खायचा, तू तांदूळ पाखडायचं सूप बाजूला ठेवायचीस आणि म्हणायचीस, "झालं. वाट सोडली की असं होतं."

दादाला सुटका आणि मला लांडग्याचं पोट? का गं?

मावशी हसायला लागली. "अगं, तुलाही आधी शिकारीवालीच सांगायची. चौथीत असताना मैत्रिणींबरोबर शहाडला नदीवर गेलेलीस ना, न सांगता? ताई आंबिवलीभर रडत फिरत होती. त्यानंतर तिने शिकारी काढूनच टाकला."

मला त्या दिवसाचा फक्त धपाटा आठवतो. तू रडलीस, हे मला तू गेल्यावर कळावं!

तुझी गोष्ट लागू पडली, बरं का. नाशिकची नोकरी चालून आली तेव्हा मी नको म्हटलं. दादा मात्र तीन शहरं फिरून आला. आता चिडून काय उपयोग? तरी थोडी चिडलेय.

आणि मी काय केलं? प्राजूलाही बिनशिकाऱ्याचीच सांगितली. "मग ती बाहेर कधी येते?" असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, "संपली गोष्ट, हात धू."

शहाडला गेले त्या दिवशी नदीपलीकडे बगळ्यांचा थवा उतरला होता, आई. घरी येईपर्यंत मी तुला सांगायचं म्हणून घोकत होते. तू विचारलंच नाहीस.

काल प्राजूचा होस्टेलचा फॉर्म भरून टाकला. काळजी वाटतेच, ती काय जाणारेय! पण तुला शब्द देते, पोरगी कितीही उशिरा घरी येवो, काय काय पाहिलंस ते आधी विचारीन. सगळं ऐकून घेईन. रागवायचंच असेल तर त्यानंतर.

तुझी,
सुजाता