नानांचा पांढरा शर्ट

१४ एप्रिल, धुळे

यंदाची जयंती ऑफिसने श्रमदान करून साजरी करायची, ही कल्पना माझीच; कोणी यायचं, ती यादीही माझीच. शिरपूरजवळच्या एका गावात झाडांसाठी खड्डे खणून आलो. साहेब खूश, सगळे खूश. मग मला जेवण का गेलं नाही?

आमचे शिपाई सुकदेवनाना सकाळी गाडीत चढले ते नवा पांढरा शर्ट घालून. कडक इस्त्रीचा. मी वर हसलेही, "नाना, आज मातीत काम आहे!" ते खिडकीशी जाऊन बसले. गावात पोहोचल्यावर त्यांनी तो शर्ट काढला, नीट घडी करून सीटवर ठेवला आणि नुसत्या बनियनवर, त्या उन्हात, आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त खड्डे खणले. फोटोपुरता शर्ट पुन्हा घातला.

परतताना त्यांना फोन आला. नात रडत होती. विचारल्यावर कळलं, आज विहारात तिचं पहिलं भाषण होतं. सकाळी दहाला. शर्ट त्यासाठी घेतलेला.

आणि आज नानांच्या घरी काही असेल, हे मला सुचू नये? दरवर्षी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी नाना घरचे लाडू आणतात. मी खाते की!

"नाना, सांगायचं तरी! मी थांबवलं असतं का तुम्हाला?"

ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "ताई, यादीमा पहिलं नाव मनंच व्हतं."

हो, नानांचंच होतं. त्यांचाच दिवस, म्हणून मीच ते सगळ्यात वर लिहिलं होतं. मानाने.